सव्वीस मिलिमीटर

फरशीवरचे डाग पहिल्यांदा नत्थूला दिसले. नऊ वर्षं ते माझ्याच पायाखाली होते, पण त्या खोलीत मी कायम काळे पडदे ओढून बसायचो आणि माझी नजर कायम भिंतीवर असायची. शनिवारी कॉलेजचं इन्स्पेक्शन होतं, म्हणून बुधवारी सकाळी नत्थूनं, म्हणजे आमच्या नेत्रविभागाच्या जुन्या शिपायानं, पडदे उतरवून धुवायला दिले, खिडकी उघडली, प्रोजेक्टरचं टेबल बाजूला ओढलं आणि फरशी ब्रशनं घासली. मी फिल्म धुऊन आलो तेव्हा तो उकिडवा बसून खाली बघत होता. टेबलाच्या पायांना रबरी टोप्या आहेत. नागपूरच्या मे महिन्यात त्या मऊ पडतात आणि खाली गोल काळा ठसा सोडतात. दर उन्हाळ्याचा एक, असे नऊ ठसे ओळीनं होते. पहिले तीन जवळजवळ एकावर एक, पुढचे सुटे, प्रत्येक आधीच्यापेक्षा भिंतीच्या थोडा जवळ. "हा टेबल चालून राहिला गा, ताराचंद," नत्थू म्हणाला. "वर्साले दोन-दोन, तीन-तीन बोटं. कुठी चालला हा?" मी हसलो. पडदे शिवायच्या वेळची टेप टेबलाच्या खणात होती, ती काढून मोजलं. पहिल्या ठशापासून नवव्यापर्यंत बरोबर एक फूट भरला. डाग रॉकेलनं निघतील म्हणून नत्थू रॉकेल आणायला उठला, तर मी त्याला म्हणालो, आधी जेवून घ्या, घाई काय आहे. तो बाहेर गेला आणि मी खिडकी लावून घेतली. का लावली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. 

आमचं काम तसं सोपं आहे. बुबुळावर एक पारदर्शक काच असते. पारपटल हा मॅडमचा शब्द, मी आणि नत्थू काचच म्हणतो. त्या काचेत पाणी असतंच, पण ठरावीक असावं लागतं. आतल्या बाजूचा पेशींचा एक पातळ थर जास्तीचं पाणी दिवसरात्र उपसत असतो. त्या पेशी थकल्या की काच पाणी धरते, फुगते आणि शेवटी धुरकट होते. असल्या डोळ्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर उरल्यासुरल्या पेशीही जातात आणि काच पांढरी पडते. म्हणून ऑपरेशनच्या आधी काचेत पाणी किती ते कळायला हवं. ते डोळ्यातून काढून तर मोजता येत नाही. डॉक्टर कुसुमताई खानझोडे, म्हणजे आमच्या मॅडम, यांनी शहात्तर साली त्यावर तोड काढली. डोळ्यावर उजेडाची बारीक चीर पाडायची, बाजूनं फोटो घ्यायचा, निगेटिव्ह भिंतीवर पाडायचं आणि काचेचा जो उजळ पट्टा दिसतो त्याची रुंदी स्टीलच्या पट्टीनं मोजायची. पट्टा जितका जाड, तितकं पाणी जास्त. त्या वर्षी आम्ही मोमिनपुऱ्यातून बकऱ्यांचे डोळे आणायचो, काच कापून तोलायची, भट्टीत वाळवून परत तोलायची, आणि त्यावरून मॅडमनी काढलेला आलेख अजून त्या खोलीत टांगलेला आहे. एकोणतीस मिलिमीटरला त्यावर लाल रेघ आहे. त्याच्या वर ऑपरेशन नाही, नुसते थेंब.

आता प्रोजेक्टर आमचा एकट्याचा नाही. तो रोज लेक्चर हॉलमध्ये जातो, दुपारी परत येतो, भिंग काढलेलं असतं, घातलेलं असतं. म्हणून रोज आधी कशाशी तरी पडताळून टेबल मागंपुढं करावं लागतं. पहिल्या आठवड्यात मुंबईचे एक डॉक्टर दोन दिवसांसाठी त्यांचं महागडं यंत्र घेऊन आले होते. त्यांनी सहज म्हणून विभागातल्या सगळ्यांच्या काचा मोजल्या. माझ्या उजव्या डोळ्याचा आकडा पुस्तकात दिल्याबरहुकूम निघाला, भिंतीवर सव्वीस मिलिमीटर भरावा असा. मॅडम म्हणाल्या, चहांदे, तुमचा डोळाच आपलं माप. तेव्हापासून रोज सकाळी आठला, पेशंट यायच्या आत, मी हनुवटी टेकवतो, नत्थू बटण दाबतो, आणि रोलवरचा पहिला फोटो माझा असतो. दुपारी तो भिंतीवर पाडायचा, पट्टा बरोबर सव्वीस भरेपर्यंत टेबल सरकवायचं आणि मग त्या जागेवरून बाकीच्यांचे मोजायचे. रजिस्टरमध्ये माझ्या फोटोपुढं नाव नाही, नंबर नाही. तिथं मी रोज एकच शब्द लिहितो, प्रमाण.

हा शब्द लिहिताना मला जे वाटायचं ते खोटं कशाला सांगू? मला गर्व होता. मी त्याआधी बर्डीवर एका फोटो स्टुडिओत निगेटिव्ह रिटच करायचो. लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण पेन्सिलीनं भरून काढायचो. आणि त्याच्याही आधी माझे बाबा इतवारीत एका कापडाच्या दुकानात गठ्ठे वाहायचे. गिऱ्हाईक आलं की ताग्याचं दुसरं टोक बाबांनी लांब उभं राहून धरायचं आणि शेटनं लोखंडी गजानं मोजायचं. तीस वर्षं त्यांनी ते टोक धरलं. गज त्यांच्या हातात कधी कोणी दिला नाही. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात गेले, शेटला म्हणाले, आता गज मी धरीन. शेट म्हणाला, धर्म बदलला तुझा, दुकान नाही बदललं. पुढं मीटर आले, गज भंगारात निघाला, तेव्हा बाबांनी तो मागून घरी आणला. आमच्या न्हाणीच्या पडद्याला तो अजून आहे. मीच एकदा बाबांना इथं आणून भिंतीवरचा पट्टा दाखवला होता. हा कोनाचा डोळा, त्यांनी विचारलं. माझा, म्हटलं, सगळ्यांचे डोळे याच्याशी मोजतात. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शेट येते काय इथं?" शेट त्याच वर्षी येऊन गेला होता, मोतीबिंदूसाठी. मी तसं सांगितलं. परतताना सायकलवर माझ्या मागं बसून त्यांनी दोनदा विचारलं, रोज मोजतेत? रोज, मी म्हणालो.

खिडकी लावल्यावर मी आधी दुसऱ्या कोणावर तरी खापर फोडता येतं का ते बघितलं. भिंतीला नवं प्लास्टर झालं नव्हतं. प्रोजेक्टरचं भिंग तेच होतं, त्यावरचा ओरखडासुद्धा ओळखीचा. कॅमेरा तोच. मग मी जे पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं ते केलं. स्टीलच्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असतात, तिचाच फोटो त्या कॅमेऱ्यानं घेतला, धुतला, पडदे नसल्यामुळं खिडकीला चादर लावून भिंतीवर पाडला. आमच्या हिशेबानं अर्धा मिलिमीटर भिंतीवर पंचवीस भरायला हवा. टेबल आजच्या जागेवर ठेवलं तर साडेबावीस भरला. पहिल्या ठशावर ठेवलं तर पंचवीस, केसाचाही फरक नाही. म्हणजे कॅमेरा बरोबर, प्रोजेक्टर बरोबर, पट्टी बरोबर. माझा डोळा वर्षाला थोडं थोडं पाणी धरत होता, आणि त्याचा फुगलेला पट्टा सव्वीसवर बसवण्यासाठी मी टेबल भिंतीकडं ढकलत होतो. त्यासरशी बाकी सगळ्यांचे पट्टे बारीक होत होते. पहिल्या ठशावरून माझा आजचा पट्टा मोजला तर एकोणतीस भरला. मी पट्टी पुसून परत मोजला. लाल रेघेवरच होता.

आणि मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्या की काचेतलं पाणी उडत नाही, म्हणून दुखऱ्या काचेचा माणूस सकाळी धुक्यात उठतो आणि दहा-अकराला त्याला स्वच्छ दिसायला लागतं, हे मॅडमनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. तेव्हापासून नव्या पेशंटला मीच विचारत आलो, सकाळी धुरकट दिसतं का, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का. आमच्या स्वयंपाकघरातल्या बल्बभोवती दोन वर्षांपासून कडं आहे. मी बायकोला, पुष्पलताला, म्हणायचो, स्टोव्हची वात काप, धूर करून राहिला. ती बिचारी दर रविवारी वात कापायची. सकाळचा पेपर मी घरी वाचणं सोडलं, डब्याबरोबर ऑफिसात आणायला लागलो, आणि लोकांना सांगायचो, घरी निवांतपणा मिळत नाही. सायकलवरून येताना रस्ता ओला दुधी दिसायचा तर मनात म्हणायचो, यंदा थंडी लवकर पडली. एप्रिलमध्येही असंच काहीतरी म्हणायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माणूस स्वतःला फसवायला बसला की फार हुशार होतो.

मग बळीरामजींची आठवण झाली आणि मी स्टुलावर बसलो. हुडकेश्वरकडचे बळीरामजी जन्मभर संत्र्याची कलमं बांधत आले. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चाकूनं चीर द्यायची आणि चांगल्या झाडाचा डोळा त्यात बसवायचा. एकच डोळा कामाचा उरला आहे, त्यातही मोतीबिंदू. चार महिन्यांत ते तीनदा आले आणि दर वेळी एकच म्हणाले, खानझोडे बाईच्या हातानं करा. मॅडम टाळत होत्या. सोमवारी मी त्यांचा पट्टा मोजला, सत्तावीस. मॅडमनी आकडा दोनदा विचारला, पट्टी हातात घेऊन स्वतः एकदा मोजला आणि म्हणाल्या, बरं, गुरुवारी मी करते. आज बुधवार होता. बळीरामजी वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर होते, पापण्यांचे केस कापून झाले होते. मी त्यांचं निगेटिव्ह काढलं, पहिल्या ठशावरून पाडलं. तीस. बळीरामजींच्या डोळ्यावर उद्या चाकू लागला असता तर त्यांना पुन्हा संत्र्याचं झाड दिसलं नसतं.

मॅडम टाळत होत्या त्याला कारण प्रयागबाई. प्रयागबाई उमरेडची, हातमागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, बोलायला फटकळ. दोन वर्षांपूर्वी मॅडमनी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. तिचा आकडा अठ्ठावीस होता, नियमात बसणारा. ऑपरेशन देखणं झालं असं थिएटरमधल्या नर्सही सांगत होत्या. पंधरा दिवसांनी पट्टी निघाली तर काच पांढरी. महिनाभर थेंब घातले, काही उपयोग नाही. शेवटच्या दिवशी प्रयागबाई मॅडमना म्हणाली, "पहिले मले धुकं दिसे बाई, आता दूध दिसते." ती रडली नाही, पिशवी उचलून बस धरायला गेली. मॅडमनी सगळे कागद पुन्हा बघितले. आकडा चांगला, टाके चांगले, औषधं बरोबर. मग उरला कोण, तर हात. त्यानंतर त्या ऑपरेशन थिएटरमध्ये जायच्या त्या शिकवायला, चाकू ज्युनिअरच्या हाती देऊन. चहा पिताना कधीकधी उजवा हात टेबलावर पालथा ठेवून त्या त्याच्याकडं बघत बसायच्या, थरथरतो का ते. मी म्हणायचो, मॅडम, हात चांगला आहे. किती वेळा म्हटलं असेल. आणि तो चांगला नाही असं सांगणारा आकडा माझ्याच डोळ्यातून आलेला होता.

मी प्रयागबाईचं पाकीट शोधलं. ते सापडायला हवं होतं असंही नाही, उंदरांनी खालच्या खणातली निम्मी पाकिटं कुरतडली आहेत. पण सापडलं. पाडलं. तीस. बळीरामजींचेही तीस, प्रयागबाईचेही तीस. मी प्रोजेक्टर बंद केला नाही, पंखा घूं घूं करत होता आणि भिंतीवर प्रयागबाईचा दोन वर्षांपूर्वीचा डोळा होता, ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचा, काच अजून पारदर्शक. मला फार वाईट वाटलं. मला तिच्या हातातल्या कांड्या आठवत होत्या. पट्टी बांधलेली असतानाही वॉर्डात ती बोटांनी पदराचा काठ गुंडाळत बसायची, हाताला चाळा म्हणून. तेवढ्यात नत्थू रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन दारात आला. "घासून काढू काय आता? पोटे साहेबायले असे डाग चालत नाहीत," तो म्हणाला. पोटे साहेब म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट, ते पेनाच्या टोपणाला लागलेली धूळही बघतात.

त्या मिनिटाबद्दल मला सांगायला हवं. डाग गेले असते तर काय राहिलं असतं? टेबल मी गुपचूप मागं नेलं असतं. उद्यापासून पट्टीच्या रेघेवर जुळवलं असतं. मॅडमना सांगितलं असतं की बळीरामजींचा फोटो हलला होता, पुन्हा मोजला तर तीस निघाले. बळीरामजी वाचले असते. कोणाचं काही बिघडलं नसतं, असं माझं मन मला सांगत होतं, आणि रजिस्टरमध्ये मी प्रमाण लिहीत राहिलो असतो. निगेटिव्हवरचे डाग काढणं हा तर माझा पहिला धंदा. लेक्चर हॉलमध्ये दर वर्षी पोरांना जी स्लाइड दाखवतात, निरोगी मानवी पारपटल म्हणून, ती माझ्या डोळ्याची आहे. पोरं वहीत तिची आकृती काढतात. देशपांडे, अग्रवाल, ठाकरे, सगळे काढतात. ते मला सोडवत नव्हतं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, पण मला वाटलं ते सायकलवर मागं बसलेत आणि पुन्हा विचारतायत, रोज मोजतेत? शेटचा गज दोन्ही टोकांनी झिजलेला होता. बाबांना ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, ते मला घरी सांगायचे, गजाच्या मागं बोटभर कापड खाते शेट. पण दुकानात ते कधी बोलले नाहीत. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी ताग्याचं टोक दुसऱ्यानं धरलं असतं. मी त्यांना त्याबद्दल कधीच माफ केलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. "राहू द्या डाग," मी नत्थूला म्हणालो. "मॅडमले दाखवायचे हायेत." त्यानं माझ्याकडं बघितलं, बाटलीचं बूच लावलं आणि न विचारता निघून गेला.

मॅडम तीनला आल्या. मी सरळ सांगितलं, ठसे दाखवले, पट्टीचा फोटो दाखवला, बळीरामजींचे तीस दाखवले. त्यांनी प्रत्येक गोष्ट स्वतः मोजली. मग म्हणाल्या, बसा, तुमचा डोळा बघू. इतकी वर्षं मी त्या हनुवटीच्या पट्ट्यावर रोज टेकलो होतो, पण पेशंट म्हणून टेकताना ती जागा थंड लागली. उजेड तिरपा करून त्या बराच वेळ बघत होत्या. आतला थर इतवारीतल्या ठोक्याच्या भांड्यासारखा दिसतोय, त्या म्हणाल्या, खड्डे खड्डे, दोन्ही डोळ्यांत. सकाळी धुरकट दिसतं का? मी म्हणालो, नाही, दिसतं मला नीट. का म्हणालो ते देवाला ठाऊक, आणि देव तर आम्ही सोडला. त्यांनी नवं पाकीट काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं. नाव लिहा. मी लिहिलं, ताराचंद चहांदे, वय अठ्ठेचाळीस. नंबर लिहिताना रजिस्टर बघावं लागलं. चार हजार एकशे सहा. एवढ्या लोकांच्या मागं मी रांगेत आलो.

बळीरामजींचं नाव यादीतून काढायला मॅडम निघाल्या. दारापर्यंत गेल्या. चेहरा थकलेला होता, पण सुटल्यासारखाही, उद्या चाकू हातात घ्यावा लागणार नाही म्हणून. हे बघितल्यावर मला गप्प बसता येईना. मी त्यांना थांबवलं, प्रयागबाईचं निगेटिव्ह घातलं आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. कोणाचं हे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आधी मोजा. त्यांनी मोजलं, तीस म्हणाल्या, आणि मागं वळल्या.

"प्रयागबाई," मी म्हणालो. "ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं."

त्यांनी पट्टी भिंतीवरून काढली नाही. पट्टा त्यांच्या बोटांवर पडला होता, पाचही बोटांवर, आणि बोटं अजिबात थरथरत नव्हती. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही मला सांगत होतात, हात चांगला आहे."

"हो."

"मी ऐकलं नाही तुमचं. तुमच्या आकड्याचं ऐकलं." त्या रागावल्या होत्या. राग माझ्यावर होता, स्वतःवर होता, एकाच माणसाच्या डोळ्याला माप ठरवून नऊ वर्षं पुन्हा न तपासणाऱ्या दोघांवर होता. त्यांनी तो लपवला नाही आणि मला ते बरं वाटलं. मग पट्टी खणात ठेवून त्या म्हणाल्या, तिला सांगायला हवं, पत्र टाकून नाही, जाऊन. नेत्रदानाची काच मिळाली तर तिला लावता येईल, पण आधी सांगायला हवं की चूक आपली होती. उद्या ऑपरेशन नाही, म्हणजे सकाळ मोकळी आहे. तुम्हीही चला. उमरेडची पहिली बस कितीला?

सहाला, मी म्हणालो. बर्डीच्या स्टँडवर सहाच्या सुमाराला एका ओळीत सात-आठ लाल गाड्या उभ्या असतात, हे मला आठवलं. माझ्यासाठी त्या वेळी त्या सगळ्या एकच लांबट लाल डाग असतात.

"मॅडम, मले सकाळी बसची पाटी वाचता येत नाही," मी म्हणालो. "दहापर्यंत काहीच नीट दिसत नाही. दोन वर्षं झाली." हे मी पुष्पलतालाही सांगितलं नव्हतं.

मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला. निगेटिव्ह काढलं, त्यावर हलकी फुंकर मारली आणि प्रयागबाईच्या पाकिटात ठेवलं.

"पाटी मी वाचीन," त्या म्हणाल्या.